डॉक्टरीणबाईंच्या कवळ्या

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांची बायको. लग्न होऊन त्या घरात आल्या त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या शिंप्याने त्यांना या नावाने हाक मारली, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, की दुसरं कोणी आहे का. मग सवय झाली. इतकी, की एकदा बँकेत त्यांचं खरं नाव पुकारलं तेव्हा त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "अहो, तुम्हाला बोलावताहेत वाटतं."

डॉक्टर दातांचे. घर वरच्या मजल्यावर आणि दवाखाना खाली. पुढच्या खोलीत ती लांबलचक खुर्ची, डोक्यावर वाकणारा दिवा आणि भिंतीवर अक्कलदाढेचं चित्र. मागे, हिरव्या पडद्यापलीकडे, कामाची खोली. तिथे दगडी ओटा, नळ, पाणी उकळायचं मोठं पातेलं, घासायचं यंत्र, आणि सगळ्यावर प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीचा थर. त्या खोलीत कवळ्या तयार होत.

पूर्वी हे काम एक म्हातारे मिस्त्री करायचे. डॉक्टरीणबाई त्यांना चहा द्यायला खाली यायच्या आणि कप रिकामा होईपर्यंत उभ्या राहायच्या. मग कप रिकामा झाला तरी उभ्या राहायला लागल्या. एक दिवस मिस्त्रींनी मेणात बसवलेल्या दातांची ओळ त्यांच्यापुढे धरली.

"पोरी, हा तिसरा दात वाकडाय, का मलाच वाकडं दिसतंय?"

"दात वाकडाय."

"मग सरळ कर. माझ्या नजरेचं आता काही खरं नाही."

त्यांनी गरम सुरीने मेण मऊ केलं, दात जरासा फिरवला आणि मेण निवेपर्यंत बोटाने धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दुसरं स्टूल आणून ठेवलं.

तीन वर्षं त्या शिकल्या. प्लास्टर किती पातळ कालवायचं, साच्यातलं मेण उकळत्या पाण्याने कसं धुऊन काढायचं, हिरड्यांसाठीचा गुलाबी मसाला बोटांत कसा मळायचा, आणि घासताना कुठे थांबायचं. मग मिस्त्री आपल्या मुलीकडे राहायला गेले. डॉक्टर म्हणाले, "नवा माणूस मिळेपर्यंत तू जरा बघ." नवा माणूस त्यांनी आठवडाभर शोधला असेल. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली.

या अठरा वर्षांत डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट कळली, आणि ती सांगायला त्यांच्याकडे कोणी नव्हतं. त्यांना हे काम यायचं. नुसतं यायचं नाही, फार चांगलं यायचं. त्या पेशंटकडून त्याचा जुना फोटो मागवून घ्यायच्या. तरुणपणी पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले असतील तर कवळीतही तसेच चढवायच्या. बाकीचे कारागीर सगळेच्या सगळे दात शाळेच्या रांगेसारखे उभे करत, आणि म्हातारी माणसं आरशात बघून बिचकत. डॉक्टरीणबाईंची कवळी लावून एक आजोबा घरी गेले तेव्हा त्यांची बायको म्हणे दारातच हसत सुटली. "आले बाई परत," म्हणाली, "किती वर्षांनी दिसले!"

हे पेशंट डॉक्टरांना सांगत. पडद्याच्या त्या बाजूला, खुर्चीत बसून. "डॉक्टर, तुमचा हात म्हणजे जादू आहे." डॉक्टर म्हणत, "अहो, आपलं कामच आहे ते." पडद्याच्या या बाजूला डॉक्टरीणबाई हातातला ब्रश थांबवून ऐकत, मग पुन्हा चालू करत. डॉक्टर वाईट नव्हते. कधी आवाज चढवायचे नाहीत, औषधपाण्याला चुकायचे नाहीत, मुलीच्या शिक्षणाला नाही म्हणाले नाहीत. त्यांना फक्त असं वाटायचं, की आपल्या दवाखान्यात जे होतं ते आपणच करतो. सासूबाईंच्या तोंडातली कवळीही डॉक्टरीणबाईंनीच केलेली. पण सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "माझ्या लेकाने केलीय," आणि पुरावा म्हणून सफरचंदाचा मोठा लचका तोडून दाखवत.

मग एक दिवस बातम्यांच्या बाई आल्या.

या बाईंनी तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. चेहरा कोणी ओळखत नसे, पण त्या तोंड उघडून "जरा सरकता का" म्हणाल्या की अनोळखी माणसं वळून बघत. आता सगळे दात गेले होते आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन कवळ्या करून झाल्या होत्या. दोन्हींत एकच रोग होता. 'स' म्हटला की शिट्टी वाजायची.

"डॉक्टर, मी आता 'सकाळ' म्हणत नाही, 'पहाटे' म्हणते," त्या सांगत होत्या. "'सासू' म्हणत नाही, 'नवऱ्याची आई' म्हणते. 'साखर' म्हणत नाही, म्हणून बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. मला घराबाहेर पडायची लाज वाटते हो."

प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. डॉक्टर म्हणाले, "नवीन कवळीला थोडे दिवस द्यावे लागतात. जिभेला सवय होते."

"सहा महिने झाले!" शिट्टी एवढी जोरात वाजली की बाहेर बाकावर बसलेलं कोणीतरी हसलं.

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि पडदा सारून बाहेर आल्या. असं त्या कधी करत नसत. "जरा काढता का ती?" त्या म्हणाल्या. कवळी पुसून कोरडी केली, टाळूच्या बाजूला टाल्कम पावडरीचा पातळ हात फिरवला आणि परत दिली. "आता नुसतं 'स' म्हणा. एकदाच. आणि तोंड उघडा."

कवळी बाहेर काढली तेव्हा जीभ जिथे टेकली होती तिथली पावडर पुसली गेली होती. पुढच्या दातांच्या मागे, मधोमध, एक अरुंद पन्हळ तशीच पांढरी राहिली होती.

"वारा इथून निसटतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिभेचा काही दोष नाही. ती बिचारी शोधते आहे, पण तिला टेकायला जागाच नाही."

त्यांनी तिथे मेणाचा एक बारीक थर चढवला. बाई 'स' म्हणाल्या. थोडं खरवडलं. पुन्हा 'स'. पाऊण तास असं चाललं होतं. शेवटी बाईंनी एक आख्खं वाक्य म्हटलं, त्या जुन्या आवाजात, "सविस्तर बातम्या सात वाजता," आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, होईल सवय."

यानंतर महिनाभराने एका साप्ताहिकात बातम्यांच्या बाईंची मुलाखत छापून आली. तिच्यात होतं, 'माझा आवाज मला परत दिला तो आमच्या डॉक्टरांनी.' डॉक्टरांनी तो कागद कापून काचेखाली ठेवला. आणि त्या मुलाखतीमुळेच दातांच्या कॉलेजातून पत्र आलं: कवळीतल्या उच्चारदोषांवर विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक करून दाखवाल का?

डॉक्टर वर आले ते शीळ घालतच. "अगं, ते पावडरीचं कसं करतेस ते मला जरा मुद्दे काढून दे."

डॉक्टरीणबाईंनी मुद्दे काढून दिले. चार पानं झाली. देताना त्या म्हणाल्या, "अहो, मीच येते ना. मीच दाखवते. मला हाताने दाखवणं सोपं जाईल."

डॉक्टर पानं चाळत होते. ते खरंच गोंधळले. चिडले नाहीत, हसले नाहीत, नुसते गोंधळले.

"पण तुला तिथे काय म्हणून नेऊ?"

यावर डॉक्टरीणबाईंना नंतर दिवसभर उत्तरं सुचत राहिली. कणीक मळताना एक, कपडे वाळत घालताना दोन.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या गेल्या, पण श्रोत्यांत, शेवटून दुसऱ्या रांगेत. सभागृह भरलेलं होतं. डॉक्टर छान बोलतात. दोन विनोद झाले, हशा झाला. मग त्यांनी कवळी उचलली आणि तिच्यावर पावडर टाकली. ती कोरडी करायचं विसरले. ओल्या टाळूवर पावडरीचं पीठ झालं, गोळे धरले. पेशंट म्हणून आणलेला माणूस खोकायला लागला. डॉक्टरीणबाईंच्या हाताची बोटं मांडीवर आपोआप पुसल्यासारखी हलायला लागली. चार पानांवर त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं होतं: आधी कोरडी करा. खाली दोनदा रेघ मारली होती.

डॉक्टरांनी वेळ मारून नेली. मग प्रश्नांना सुरुवात झाली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, जिभेची खूण एकाच बाजूला उमटली तर काय करायचं?"

"हं. चांगला प्रश्न आहे." डॉक्टर पाणी प्यायले. "अशा वेळी... पेशंटला सवय..." आणि त्यांची नजर सगळ्या रांगांवरून फिरत फिरत शेवटून दुसऱ्या रांगेत येऊन थांबली.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहिलो आहोत हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

"खूण एकीकडेच आली तर दोष टाळूत नसतो," त्या म्हणाल्या. आवाज आधी चिरकला, मग लागला. "पुढच्या दातांचा मध्य चुकलेला असतो. आधी दात मधोमध आणा. टाळूला हात लावू नका, नाहीतर एक बिघडलेलं असताना दुसरं बिघडवाल."

मुलीने पटापट लिहून घेतलं. तेवढ्यात डॉक्टर माइकवर हसले.

"ही माझी बायको. घरी इतकं ऐकते माझं, की तिचंसुद्धा पाठ झालंय!"

हशा झाला. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा. टाळ्याही पडल्या. डॉक्टरीणबाई खाली बसल्या. शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "नशीबवान आहात."

बाहेर चहा होता. त्या कप घेऊन खिडकीशी उभ्या असताना एक प्राध्यापिका आल्या. केस अगदी आखूड, बोटांच्या पेरांत प्लास्टर. प्लास्टर बघून डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं.

"टाळू ओली होती ना?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. तुम्ही किती वर्षं करताय?"

हा प्रश्न त्यांना अठरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. "अठरा," त्या म्हणाल्या, काहीतरी चोरून सांगितल्यासारखं.

"आमच्याकडे मुलांना कवळीचं काम शिकवायला माणूस हवाय. ओट्यावर उभं राहून, हाताने. पदवी लागत नाही, अनुभवाचं पत्र लागतं. येता का?"

परतताना गाडीत डॉक्टर खुशीत होते. "तू उभी राहिलीस ते बरं झालं हं. वेळ निभावली."

"पाठ झालंय म्हणालात."

"अगं, गंमत केली."

"माझं मलाच पाठ झालंय?"

"आता तिथे काय सांगू? मला येत नाही म्हणून सांगू? काय अब्रू राहिली असती माझी?"

"मिस्त्री करायचे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं मिस्त्री करतात. तेव्हा गेली होती का अब्रू?"

"मिस्त्रींचं वेगळं."

"कसं वेगळं?"

डॉक्टरांनी गिअर बदलला. सिग्नल लागला, सुटला. "ते मिस्त्री होते," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या मते यात सगळं आलं होतं.

अनुभवाच्या पत्राला ते लगेच तयार झाले. वाद नको म्हणून असेल, किंवा बायको कुठे जाते, अशा खात्रीनेही असेल. दुसऱ्याच दिवशी छापील कागदावर सुवाच्य अक्षरात पत्र लिहून दिलं. 'यांनी गेली काही वर्षे, घरकाम सांभाळून, आमच्या दवाखान्यात आवडीने मदत केली आहे.'

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं.

"'काही वर्षे' नाही. अठरा. आणि मदत नाही. कवळ्या मी केल्यात. सगळ्या."

"मग तेच तर लिहिलंय."

"'आवडीने' कशाला?"

"का? आवड नव्हती तुला?"

होती. तीच तर पंचाईत होती. आवड होती, आणि ती अशी लिहिली की सगळं काम फुलदाणीतल्या फुलांसारखं दिसायला लागलं. "बदलून द्या," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "देतो. जरा मोकळा झालो की देतो."

सोमवारी डॉक्टरांना तीन दाढा काढायच्या होत्या. बुधवारी छापील कागद संपले. शुक्रवारी ते म्हणाले, "अगं, तोंडी सांगितलं तर नाही चालणार?" पुढच्या आठवड्यात त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न. डॉक्टरीणबाई रोज आठवण करत होत्या, आणि रोज आठवण करताना आपलाच आवाज त्यांना कटकट्या वाटायला लागला. ही युक्ती कोणी मुद्दाम केली असती तर निदान भांडता आलं असतं. डॉक्टर खरंच विसरत होते. बायकोचं काम लक्षात ठेवण्याचा कप्पाच त्यांच्या डोक्यात नव्हता.

शेवटी त्या ते जुनंच पत्र घेऊन कॉलेजात गेल्या. प्राध्यापिकांनी त्यांना मेणात दातांचा एक जबडा बसवायला दिला. त्यांनी तो बसवला. बघायला आलेल्या तिघांपैकी एक जण "वा" म्हणाला. मग कार्यालयातल्या माणसाने पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मदत हा अनुभव धरता येत नाही, बाई."

"हे आत्ता केलं ते?"

"ते छान आहे. पण फायलीला कवळी लावता येत नाही ना."

बदललेलं पत्र डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी दिलं. चांगलं पत्र होतं. अठरा वर्षं, सर्व कवळ्या, स्वतंत्रपणे, असं सगळं. तोवर जागा भरली होती. दोन वर्षं अनुभव असलेला एक मुलगा घेतला होता, असं प्राध्यापिकांनी फोनवर सांगितलं. त्यांचाही आवाज पडलेला होता.

"बघ, उगीच इतकी धावपळ केलीस," डॉक्टर म्हणाले. "पण पत्र ठेव जपून. पुढे उपयोगी पडेल."

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी कामाच्या खोलीत जाऊन स्वतःच्या सुऱ्या, चिमटे, मेणाचे पत्रे आणि मिस्त्रींनी जाताना दिलेला पितळी दिवा एका टोपलीत भरला. घासायचं यंत्र डॉक्टरांचं होतं, ते ठेवलं. पातेलं स्वयंपाकघरातलं होतं, ते धुऊन वर नेलं. ओट्यावर अर्धवट झालेल्या दोन कवळ्या होत्या. त्या त्यांनी पुऱ्या केल्या, कारण त्यांत पेशंटचा काय दोष. मग पडदा सारून बाहेर आल्या.

"मी हे काम इथे करणार नाही आता," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

खुर्चीतल्या पेशंटचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "बरं बरं, नंतर बोलू." त्यांना वाटलं, चहाबद्दल आहे काहीतरी.

वर सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. टोपली बघून म्हणाल्या, "निघालीस?"

"घर सोडून नाही, आई. काम घेऊन निघालेय."

सासूबाईंनी कवळी जिभेने जरा हलवून नीट बसवली. "मला माहीत होतं, ही तू केलीयस ते. त्याचा हात एवढा हलका नाही. लहानपणी पाटीवर लिहायचा तर पाटी फुटायची."

डॉक्टरीणबाई जागच्या जागी थांबल्या. "मग इतकी वर्षं सगळ्यांना लेकाने केली म्हणून का सांगितलंत?"

"आता त्याला काय झालं. घरातलीच गोष्ट ना." त्यांनी पदर नीट केला. "आणि मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय केलं असतं ते मला कळलं तरी असतं!"

सासूबाईंना राग आला नाही. त्या पुन्हा खिडकीतून बघायला लागल्या, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, की यांनी नवऱ्यापेक्षा जास्त दुखावलं. नवऱ्याला कळलंच नव्हतं. यांना कळत होतं.

टोपली घेऊन त्या बातम्यांच्या बाईंकडे गेल्या. दुसरी कुठली ओळखच नव्हती, जी त्यांची स्वतःची होती. बाईंनी दार उघडलं आणि पहिल्या वाक्यातच म्हणाल्या, "मी कधीपासून तुम्हाला भेटायचं म्हणतेय. मुलाखतीत मी 'डॉक्टरीणबाईंनी' म्हटलं होतं हो! स्पष्ट म्हटलं होतं. छापणाऱ्याला वाटलं माझी जीभ अडखळली. त्याने सुधारून 'डॉक्टरांनी' केलं. मी त्याला फोन केला तर म्हणतो, बाई, एकच तर झालं."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बाईंकडे रस्त्याच्या बाजूला एक गॅरेज होतं. गाडी चालवणं सोडल्यापासून रिकामं. नळ होता, वीज होती, खिडकी मात्र हातभर. ते गॅरेज बाईंनी देऊ केलं. प्राध्यापिकांनी कॉलेजातलं जुनं घासायचं यंत्र पाठवलं आणि दातांच्या दोन-तीन डॉक्टरांना सांगून ठेवलं. मुलीला फोन केला तेव्हा ती वसतिगृहातून म्हणाली, "आई, फारच भारी! पण बाबांच्या कवळ्या कोण करणार?" म्हणजे तिनेही पहिलं तेच विचारलं.

डॉक्टरांनी कवळ्या बाहेरगावच्या कारखान्याकडे पाठवायला सुरुवात केली. घरी ते आता जपून बोलत. आजारी माणसाशी बोलावं तसं. "किती दिवस चालणार हे?" असं एकदोनदा विचारलं. डॉक्टरीणबाई सकाळी घरातलं आवरून गॅरेजात जात आणि दिवे लागायच्या आत परत येत. काम तेच होतं, हात तेच होते, पण तिथे पहिल्या दिवशी दार आतून लावून घेतल्यावर त्यांना आपलाच श्वास ऐकू आला. भीती वाटली. चुकलं तर आता 'डॉक्टरांची कवळी नीट बसत नाही' असं कोणी म्हणणार नव्हतं. 'डॉक्टरीणबाईंची बसत नाही' असं म्हणणार होतं. पहिल्या कवळीचा मसाला त्यांनी तीनदा फेकून दिला आणि चौथ्यांदा मळला.

फोन यायचे. "जरा साहेबांना देता का?"

"कोण साहेब?"

"कवळ्या करतात ते."

"मीच करते."

"हो, पण मुख्य कोण आहेत?"

हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. सुरुवातीला त्या नीट समजावून सांगत. मग "मीच मुख्य, मीच गौण, बोला" असं म्हणायला लागल्या.

दोन महिन्यांनी, एका दुपारी डॉक्टर स्वतः गॅरेजात आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोकडे कामासाठी कुठे गेले असतील. दारात वाकून उभे राहिले, कारण शटर अर्धंच वर होतं. हातात डबी.

"हे कारखान्याचं काम बघ. एक आजोबा आहेत, त्यांना चावताच येत नाही. पंधरा दिवस पेजेवर आहेत. एवढं एक बघून दे."

"ठेवा. चिठ्ठी लिहून द्या, काय त्रास आहे, कुठे टोचतंय. बाकीचे डॉक्टर देतात तशी."

"मी तुला चिठ्ठी लिहू?"

"मला नका लिहू. जो कवळ्या करतो त्याला लिहा."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. डबी टेबलावर ठेवून ते वाकून बाहेर पडले. चिठ्ठी लिहिली नाही. डॉक्टरीणबाईंनी डबी दोन दिवस उघडली नाही. दोन्ही दिवस त्यांचं दुसऱ्या कामात लक्ष लागलं नाही. स्वतःचाच राग येत होता: उघडली तर आपण पुन्हा पडद्यामागे, आणि नाही उघडली तर एक म्हातारा उपाशी. भांडण ज्याच्याशी आहे तो मात्र मजेत दोन वेळा जेवतोय.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डबीवरचा नंबर बघून आजोबांच्या घरी फोन केला आणि त्यांना गॅरेजातच बोलावून घेतलं. आजोबा काठी टेकत आले, स्टुलावर बसले. ऐकायला कमी येत होतं. खालच्या कवळीची डावी कड हिरडीत रुतत होती आणि दाढा एकमेकींवर बसतच नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी कड घासली, दाढांमध्ये रंगीत कागद ठेवून चावायला लावलं, उंचवटे उतरवले. दोन तास गेले. मग त्यांनी डब्यातले भाजलेले शेंगदाणे आजोबांपुढे ठेवले.

आजोबांनी एक उचलला. भीत भीत चावला. दुसरा चावला. मग मूठभर घेतले आणि डोळे मिटून चावत बसले. उरलेले खिशात टाकले.

"फार छान झालं," ते म्हणाले. "डॉक्टरांना माझा निरोप द्या. म्हणावं, हात सोन्याचा आहे."

"मी केलंय, आजोबा."

"काय?"

"मी केलंय! मी!"

"हो हो, तुम्हीच सांगा त्यांना. आठवणीने सांगा हं, सूनबाई." आणि ते उठून काठी टेकत निघाले.

डॉक्टरीणबाई शटरपर्यंत त्यांच्यामागे गेल्या. काहीतरी मोठ्याने ओरडावं असं फार वाटलं. पण आजोबा रस्त्याच्या कडेने चालले होते, खिशातून एकेक शेंगदाणा काढून चावत, अगदी मन लावून. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी स्टूल पुसलं, हात धुतले. मेणाचा पत्रा दिव्यावर धरला आणि दोन दिवसांनी द्यायच्या कवळीचा पहिला दात बसवायला घेतला. तो मनासारखा बसेना. त्यांनी काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला.